चाळीस सेकंद मागची पालखी

"त्या डब्याला हात लावलास ना ओजस, तर आज तुझं काही खरं नाही!"

"मग बघत बसा चकरी! गोल गोल फिरतेय ती, तीच पालखी समजा आणि पाया पडा!"

"जीभ बघ ह्याची. नववीत शाळा सोडली आणि घरात इंजिनियर झाला."

"इंजिनियर नाही झालो पप्पा. पण वायफाय लाडवाच्या डब्यात ठेवत नाहीत, एवढं कळतं मला."

डबा खरंच लाडवाचा होता. स्टीलचा, जाड, ओजसच्या आईला माहेरहून आलेला. स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर तो बसलेला असायचा. झाकण जरासं तिरकं, त्या फटीतून दोन वायरी आत गेलेल्या, आणि आत अंधारात राऊटर हिरवे दिवे मिचकावत पडलेला. गेल्या दसऱ्याला पप्पांनी डब्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढून झेंडू वाहिला होता. त्यातली एक सुकी पाकळी अजून झाकणाला चिकटून होती.

हे सगळं झुरळांमुळे झालं होतं. आधीचा राऊटर बंद पडला तेव्हा कंपनीचा माणूस आला, त्याने तो उघडून उलटा धरला आणि आतून झुरळांचं अख्खं खानदान ओट्यावर पडलं. नेमकं तेव्हाच शेजारची चंपाकाकी साखर मागायला दारात उभी. माणूस म्हणाला, गरम असतं ना आत, म्हणून घर करतात. तो गेला, आणि आईने म्हणजे दीप्तीने त्याच दिवशी नव्या राऊटरसाठी लाडवाचा डबा रिकामा केला. स्टीलमध्ये झुरळ शिरत नाही, हे तिचं लॉजिक. ते बरोबरच होतं. झुरळ शिरलं नाही. फक्त वायफायपण धड बाहेर पडलं नाही.

एरवी हे चाललं असतं. आईच्या रेसिप्या स्वयंपाकघरातच चालायच्या, पप्पा म्हणजे सुबोध अंधेरीला कुरियर कंपनीत सुपरवायझर, ते घरी येऊन फक्त बातम्या बघायचे, अडकल्या की सरकारला शिव्या घालायचे. पण आज रविवार होता आणि आज भाऊच्या घरी पालखी येणार होती.

भाऊ म्हणजे ओजसचे आजोबा. त्यांना घरात सगळेच भाऊ म्हणायचे, त्यांचा मुलगा सुबोधसुद्धा. गिरणीत तीस वर्षं काढलेला माणूस, बोरीवलीला देवीपाड्यात राहूनही भाषा गावचीच. गाव खारेपाटणच्या पुढे. शिमग्यात तिथे देवाची पालखी घराघरात फिरते. दार उघडं असेल आणि दारातून घरच्या माणसाने गाऱ्हाणं घातलं, तर पालखी अंगणात थांबते, नाचते. हाक आली नाही तर नुसती वळते आणि पुढच्या घरी जाते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात, आणि सगळ्यांना वाईट वाटतं.

भाऊंनी बावन्न वर्षांत एकदाही हाक चुकवली नव्हती. गिरणीच्या संपाच्या वर्षी एस्टीला पैसे नव्हते, तेव्हा कुणाच्या तरी ट्रकमध्ये कांद्याच्या गोण्यांवर बसून गेले होते. यंदा जानेवारीत बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचा बॉल बदलावा लागला. डॉक्टर म्हणाले, दहा तासांचा प्रवास विसरा. गावातल्या भावकीने फोन केला की भाऊ, तुमच्या वतीने नंदू गाऱ्हाणं घालील. नंदू म्हणजे शेजारच्या घरातला पुतण्या, घराची चावी त्याच्याकडेच असते.

"मी मेलंय काय?" एवढंच भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ठरलं ते असं. नंदूने दार उघडायचं, दिवा लावायचा, आणि पालखी आली की त्याचा बटणवाला फोन स्पीकरवर टाकून उंबऱ्यात धरायचा. इथून भाऊ बोलणार. बघायची सोय वेगळी होती. गावच्या मंडळाने ह्या वर्षी कणकवलीहून लाईव्हवाला आणला होता. पाठीवर चार सिमकार्डांची बॅग, हातात कॅमेरा, पालखी जाईल तिथे मागे. मोबाईलवर, टीव्हीवर, कुठेही बघा. पालखी आपल्या अंगणात आली हे बघायचं आणि बोलायला सुरुवात करायची. सोपं होतं.

फक्त सकाळी अकरापासून टीव्हीवर पालखीऐवजी चकरी फिरत होती. मधेच चित्र यायचं तेही असं की माणसं कोणती आणि माड कोणते ते कळू नये.

"सुबोध," खुर्चीतून भाऊ म्हणाले. पाय स्टुलावर, वॉकर बाजूला. "लावूंदे तेका हात."

"भाऊ, तो सगळं बिघडवून ठेवील. कंपनीचा माणूस रविवारी येत नाही."

"आता काय मोठा चलता हा? बिघडाक कायतरी चालू आसाक होया ना?"

सुबोधने चष्मा काढून बनियनला पुसला. हरले की ते चष्मा पुसायचे, हे ओजसने लहानपणीच हेरलं होतं. तो स्टुलावर चढला.

"झुरळं गेली आत तर तू काढायचीस," खालून आई म्हणाली.

"एका दिवसात नाही गं जात."

"तुला काय माहीत? त्यांना वास लागतो. संध्याकाळी परत डब्यात ठेवायचं, सांगून ठेवते."

राऊटर बाहेर निघाला. वायर लांब जाणार नव्हती, म्हणून ओजसने तो स्वयंपाकघराच्या दारावरच्या माळ्याच्या कडेला ठेवला, उघड्यावर. आईने लगेच झुरळांचा खडू आणला आणि त्याच्याभोवती चौकोन आखला. देवाला रांगोळी घालतात तसा.

हॉलमधला टीव्ही आणि स्वयंपाकघर यांच्या मधे लोखंडी कपाट होतं, वायफाय तिथेच अडणार, आणि ते हलवायचं म्हणजे महाभारत. ओजसने पलंगाखालून निळ्या वायरचं भेंडोळं काढलं. दिवाळीत नॅशनल पार्कातली माकडं गच्चीवर आली होती, त्यांनी सगळ्या मजल्यांच्या वायरी ओरबाडल्या. नवी लाईन टाकणारा उरलेला तुकडा जिन्यात टाकून गेला आणि ओजसने तो उचलला. "कचरा गोळा करतो," असं तेव्हा पप्पा म्हणाले होते. ओजसने ते लक्षात ठेवलं होतं. असल्या गोष्टी तो लक्षात ठेवायचा.

वायरचं एक टोक राऊटरमध्ये, दुसरं थेट टीव्हीच्या मागे. मधे दाराच्या चौकटीवरून, कपाटाच्या वरून, ट्यूबलाईटच्या पट्टीखालून. चिकटवायला काही नव्हतं, म्हणून त्याने भाऊच्या ड्रेसिंगची पांढरी हॉस्पिटलची पट्टी वापरली. वायर भिंतीवर जखमी झाल्यासारखी दिसत होती.

"हे बरं दिसतं?" पप्पा म्हणाले.

"बघायची पालखी आहे की भिंत?"

त्याने टीव्ही लावला. दोन सेकंद काळं. मग पालखी आली. गोंड्यांचा लाल रंग, गुलालाने माखलेले खांदे, ढोल्याच्या कपाळावरचा घाम. भाऊ पुढे वाकले.

"ह्यो बाबल्या ना रे? केस काळे केल्यान?" मग स्वतःशीच हसले. "दाताची कवळी पण नवी आसा मेल्याची."

पप्पांनी वायरकडे बघितलं. चष्माही पुसला नाही. ओजस वाट बघत होता की काहीतरी म्हणतील. ते उठून आंघोळीला गेले.

दुपारी जेवणं झाली. पालखी वरच्या वाडीत होती, भाऊच्या घरी चारला येणार असं नंदूने कळवलं होतं. तीन वाजता आईने भाऊंना धुतलेला सदरा घातला, टोपी दिली. समोर स्टुलावर पाट, पाटावर नारळ आणि सुपारी. बरोबर साडेतीनला पालखीचा ढोल्या हात वर करून थांबला. वाजवायला हात उचलला, आणि तसाच राहिला. त्याच्या काठीवर चकरी फिरायला लागली.

"झाला!" भाऊ म्हणाले.

"म्हटलं होतं मी," पप्पा म्हणाले.

"काय म्हटलं होतं? काय म्हटलं होतं तुम्ही?" ओजस टीव्हीमागे जाऊन वायर दाखवायला लागला. "वायर आहे ही! वायरमधून अडकत नाही! बाहेरून कमी येतंय किंवा कोणीतरी ओढतंय!"

"कोण ओढणार? भूत?"

ओजसने फोनवर राऊटरचं पान उघडलं. राऊटरला कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी असते तिथे. घरात तीन फोन आणि एक टीव्ही. यादीत सोळा नावं होती. त्याने खाली ढकललं. चंपा टीव्ही. अक्षता फोन. निलेश ऑफिस. निलेश टीव्ही. शकु टॅब. मग नुसते आकडे असलेले सात.

"कोणाकोणाला पासवर्ड दिलाय तुम्ही?"

पप्पांनी आईकडे बघितलं. आईने कॅलेंडरकडे बघितलं. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे पेनने लिहिलेला होता, सगळ्यांना माहीत होतं.

दिला होता तो फक्त चंपाकाकीला. लॉकडाऊनमध्ये तिच्या अक्षताची शाळा मोबाईलवर भरायची, त्यासाठी. चंपाकाकीने समोरच्या निलेशला दिला, कारण त्याचं घरून काम. निलेशच्या बायकोने शकुमावशीला, कारण शकुमावशी एकटी असते, तिला वेळ जात नाही. विरजण जसं एका घरातून दुसऱ्या घरात जातं तसा पासवर्ड मजलाभर गेला. कोणी चोरला नव्हता. चंपाकाकीकडून दर बुधवारी बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, येत होतं, निलेश गावाहून आमसुलं आणायचा. ह्या मजल्यावर कोणाची वाटी रिकामी परत जात नाही. पण मजल्यावरची निम्मी माणसं त्याच गावची होती किंवा शेजारच्या गावची, राऊटर डब्याबाहेर आल्यापासून रेंज मजलाभर पोचत होती, आणि आत्ता ह्या क्षणी प्रत्येक घरात, प्रत्येक फोनवर, तीच पालखी चालू होती. सुबोधच्या वायफायवर.

चार वाजायला वीस मिनिटं. ओजसने विचार केला नाही. विचार करणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. त्याने पासवर्ड बदलला.

टीव्हीतल्या ढोल्याचा हात खाली आला. ढोल वाजला.

"चालू झाला!" भाऊ म्हणाले.

दीड मिनिट सगळं झकास होतं. मग दारावर थाप पडली.

"काय गो दीप्ती, तुमचा वायफाय मेला काय?" चंपाकाकी हातात मोबाईल घेऊन उभी. तिच्या मागे अक्षता. "आता आमच्याच दारात येवची होती पालखी, आणि सगळा बंद!" एवढ्यात तिची नजर आत गेली. टीव्हीवर पालखी गरागरा फिरत होती. "अगो, तुमचा तर चालू आसा!"

आईचं तोंड बघण्यासारखं झालं. तेवढ्यात निलेश आला, बनियनवर, मागे त्याची दोन पोरं. "सुबोधदादा, नेट गेलं का? पासवर्ड चुकीचा सांगतोय."

"गेलं नाही," ओजस म्हणाला. "मी बदलला."

कुकरची शिट्टी ऐकू आली कोणाच्यातरी घरातली.

"काय केलंस?" पप्पा हळू म्हणाले. त्यांचा हळू आवाज हा सगळ्यात वाईट.

"बदलला! सोळा जण लटकलेत त्या एका लाईनला! भाऊंची पालखी अडकत होती!"

"शेजाऱ्यांच्या तोंडावर दार लावलंस? मला न विचारता? ह्या माणसांनी भाऊंना हॉस्पिटलमध्ये खांद्यावरून नेलंय. निलेशने रक्त दिलंय. आणि तू त्यांना..." पप्पांनी दाराकडे हात केला. "आत्ताच्या आत्ता परत कर. आणि हात जोड सगळ्यांना."

"सुबोधदादा, जाऊ दे ना," निलेश म्हणाला. "आम्ही मोबाईलच्या नेटवर बघतो."

"जाऊ दे कसं? ह्याला अक्कलच नाही. शाळेत असता तर चार माणसांत वागायचं कळलं असतं."

हे वाक्य ओजसने हजारदा ऐकलं होतं. दर वेळी डोकं तेवढंच फिरायचं.

"शाळेत नाही शिकवत पप्पा, सोळा जणांनी एकच गोष्ट सोळा वेळा खेचली तर काय होतं ते! पाण्याच्या टाकीला सोळा नळ लावा, बघा कोणाला पाणी येतं!" तो चंपाकाकीकडे वळला. "काकी, तू काय बघत होतीस?"

"पालखी."

"निलेशदादा, तू?"

"पालखीच की."

"शकुमावशी?"

शकुमावशी टॅब छातीशी धरून मागे उभी होती. मान हलवली तिने.

"सगळे तेच बघताय ना? एकच पालखी ना? मग या ना सगळे इथे! बसा आमच्या डोक्यावर! एका टीव्हीवर बघा!"

तो हे चिडून म्हणाला होता. टोमणा होता तो, सरळसरळ. पण चंपाकाकीने चप्पल काढली.

"खरा बोलता पोरगो," ती आत शिरत म्हणाली. "गावाक काय आपापल्या घरात बसान बघतत काय? अक्षता, आपली चटई घेऊन ये. आणि गॅस बंद कर."

निलेश परत जाऊन शर्ट घालून आला, बरोबर बायकोला आणि दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना घेऊन. शकुमावशीला भाऊच्या बाजूला जागा मिळाली. पोरं पलंगावर, बायका खाली, पुरुष कपाटाला टेकून. दहा बाय बारात एकोणीस माणसं. ओजसने मोजली. सोळा तारांची आता एक तार झाली होती. चित्र असं स्वच्छ की पालखीच्या दांडीवरची नावं वाचता येत होती. त्याने काहीच नवीन केलं नव्हतं, लोकांना फक्त एका खोलीत कोंबलं होतं. आईने चहाचं मोठं पातेलं चढवलं. पप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, ओजसकडे न बघता.

चारला दहा कमी असताना नंदूचा फोन आला. ओजसने तो स्पीकरवर टाकून भाऊच्या हातात दिला.

"भाऊ, दार उघडलंय. दिवो लावलंय. तुळशीकडे सारवलंय पण," नंदू म्हणाला. मागे ढोल ऐकू येत होते. "पालखी बाबल्याच्या खळ्यात आसा. तुम्ही तयार रवा."

टीव्हीवरही पालखी कुणाच्यातरी खळ्यात, म्हणजे अंगणात, होती. भाऊंनी टोपी नीट केली. नारळ मांडीवर घेतला. डोळे टीव्हीवर.

ओजस टीव्हीच्या बाजूला उभा होता, रिमोट हातात. त्याला काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. टीव्हीतले ढोल आणि फोनमधले ढोल. एकाच पालखीचे ढोल दोन जागी वाजत होते आणि जुळत नव्हते. फोनमध्ये ढोल थांबले. टीव्हीत चालूच. फोनमध्ये कोणीतरी मोठ्याने आरोळी दिली, "होलियोऽऽ". टीव्हीतले लोक गप्प चालत होते. ओजस मोजायला लागला. एक, दोन, तीन. चाळीसवर टीव्हीतला माणूस तोंड उघडून ओरडला, "होलियोऽऽ".

तेच. तोच आवाज. टीव्ही चाळीस सेकंद मागे होता.

अडकत नव्हता, तुटत नव्हता, नेट एक नंबर होतं. तरी मागे होता. गावातून चित्र निघून, कुठल्या कुठल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून फिरून इथे येईपर्यंत तेवढा वेळ जातच होता. ते डबा काढून, वायर लावून, शेजारी गोळा करून जाणारं नव्हतं.

"भाऊ, बोला!" फोनमधून नंदू ओरडला. "पालखी अंगणात इली!"

"खय इली?" भाऊ टीव्हीकडे बघत म्हणाले. "अजून वळणार आसा. माका दिसता ना हय."

"इली ओ! समोर आसा माझ्या! बोला!"

"गडबड करू नको रे नंदू. आंब्याकडे इली की मी बोलतंय." भाऊंना सगळं एवढं स्वच्छ दिसत होतं. ते टीव्हीवर विश्वास ठेवून बसले होते. सगळी खोलीच टीव्हीवर विश्वास ठेवून बसली होती.

"रवतली नाय भाऊ! खांदेकरी म्हणतत हाक नाय तर जातंव! अजून बावीस घरा आसत!"

ओजसने रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

पालखी वळणावर हवेत लटकली. खोलीत एकच गोंधळ. "अडाकला!" "अरे आत्ताच?" "वायर हलली बघ!" निलेशचा पोरगा रडायला लागला. पप्पा चौकट सोडून पुढे आले, "काय केलंस? काय केलंस परत?"

"अडकली नाही! मी थांबवली!" ओजस सगळ्यांच्या वर ओरडला. तो भाऊच्या समोर, टीव्ही झाकून उभा राहिला. "भाऊ, टीव्ही मागे आहे. हे आधीचं आहे, झालेलं. फोन खरा आहे. नंदूकाकाच्या समोर आहे पालखी आत्ता. माझ्याकडे बघू नका, टीव्हीकडे बघू नका. फोन ऐका आणि बोला."

"सरक तू मधून," पप्पा म्हणाले आणि त्यांनी त्याचा दंड धरला.

भाऊ त्याच्याकडे बघत होते. एक सेकंद, दोन. ओजसला वाटलं, झालं, आता हेही म्हणणार की नववीतून शाळा सोडली. फोनमध्ये खांदेकऱ्यांच्या पायाचा आवाज येत होता, पाय वळवल्याचा. भाऊंनी फोन तोंडाजवळ नेला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

फोनमधले पाय थांबले.

पप्पांनी ओजसचा दंड सोडला.

"आज तू माझ्या दारात इलंस, आणि घरचो धनी दारात नाय. पायान अधू झालो, मुंबैक खुर्चेत बसान हाक मारता हा. तेची चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" फोनमधून पन्नास माणसं म्हणाली. खोलीतली एकोणीस माणसं त्यांच्यात मिसळली. चंपाकाकीचा आवाज सगळ्यात मोठा.

"माझो झील सुबोध आसा, नोकरी करता हा, तेच्या नोकरीक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सून दीप्ती आसा, तिच्या हाताक यश दे, तिच्या घरात झुरळ येवक देऊ नको रे म्हाराजा!"

खोलीत हशा पिकला. गावातपण कोणीतरी हसलं. "व्हय म्हाराजा!"

मग भाऊ थांबले. दर वर्षी इथे काय येतं ते ओजसला पाठ होतं. नववी सोडल्यापासून दोन शिमगे तो उंबऱ्यात भाऊच्या मागे उभा राहून ऐकत आला होता. 'पोराक शाळेत बसाची बुद्धी दे.' आणि सगळं गाव व्हय म्हाराजा म्हणायचं, त्याच्याकडे बघून. तो जमिनीवरच्या फरशीकडे बघायला लागला. एका फरशीचा कोपरा उडालेला होता.

"आणि नातू ओजस," भाऊ म्हणाले. "तेच्या हाताक जा जमता, ता तेका करूक दे. आणि तेच्या बापाची कटकट वायच कमी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. मजला म्हणाला. निलेशने तर टाळीच वाजवली.

एकटे पप्पा बोलले नव्हते. सगळे त्यांच्याकडे बघत होते. गाऱ्हाण्याला व्हय म्हणावंच लागतं, त्यात सूट नसते. त्यांनी चष्मा काढला. बनियन नव्हतं, इस्त्रीचा शर्ट होता, त्यालाच पुसला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.

फोनमध्ये ढोल सुरू झाले. पालखी नाचायला लागली असणार. भाऊंनी नारळ फोडायला ओजसकडे दिला, ओजसने तो बाथरूमच्या उंबऱ्यावर आपटला, पाणी वाटीत धरलं. येऊन त्याने रिमोट दाबला.

टीव्हीवरची पालखी वळणावरून सुटली. आंब्याकडे आली, भाऊच्या अंगणात शिरली. सारवलेलं अंगण, तुळस, उघडं दार, आत दिवा. उंबऱ्यात नंदू, हात वर करून छोटा फोन धरलेला, जणू मेणबत्ती. खांदेकरी वळताना दिसले. आणि मग त्या छोट्या फोनमधून, ढोलांच्या मधून, भाऊचा आवाज आला. बारीक, पण आला. खांदेकरी थांबले. भाऊ खुर्चीत बसून स्वतःचा आवाज आपल्याच अंगणात ऐकत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"माझोच आवाज?" ते म्हणाले.

"तुमचाच," शकुमावशी म्हणाली.

सुबोध झाला. दीप्ती झाली, झुरळं झाली, गावातली बाई हसताना कॅमेऱ्यात दिसली. ओजसला माहीत होतं पुढे काय येतंय. एकदा ऐकणं ठीक होतं. तो स्वयंपाकघराकडे वळला, पण दारात पप्पा उभे होते आणि सरकत नव्हते. त्यामुळे त्याला दुसऱ्यांदाही ऐकावं लागलं, अख्ख्या गावाच्या तोंडून.

"वायर सुटेल ती," पप्पा म्हणाले. ते वर भिंतीकडे बघत होते, हॉस्पिटलच्या पट्टीकडे. "खिळे आणतो उद्या. ते छोटे येतात ना, वायरीचे."

"क्लिपा म्हणतात त्याला."

"तेच."

"आणि राऊटर?" आई आतून ओरडली. "संध्याकाळी डब्यात जाणार म्हणजे जाणार!"

टीव्हीवर पालखी आता कुठे नाचायला लागली होती. भाऊच्या हातातल्या फोनमध्ये मात्र ढोल लांब लांब जात होते.

"भाऊ, आयकतास काय?" नंदूला धाप लागली होती. "पालखी खालच्या वाडीक चलली. खांदो देवक माणसा कमी आसत. दार लावतंय, दिवो तसोच ठेवतंय. माका आता निघूक होया."